गदेआधी खुराक

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीजवळ एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात कोणी न नेलेली बक्षिसं असतात. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ढाली, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली प्रमाणपत्रं आणि पांढरी पाकिटं. पाकिटावर निळ्या पेनाने लिहिलेलं नाव, वर्ग, पारितोषिकाचं नाव आणि रक्कम: १०१, १५१, २५१. जुन्या पाकिटांना बांधलेले रबर सुकून कागदाला चिकटून बसले आहेत. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची कमिटी येणार म्हटलं की हे कपाट आवरायला काढतात, पाकिटं मोजतात आणि पुन्हा आत ठेवतात. गेली बावीस वर्षं मी कॉमर्स शिकवते, त्यातली चौदा वर्षं पारितोषिक समितीवर आहे. यातल्या बऱ्याच पाकिटांवरचं अक्षर माझंच आहे.

मुलांना कदर नाही म्हणून ही पाकिटं राहिली, असं मला कधीच वाटलं नाही. शेवटच्या वर्षाचा निकाल लागतो जून-जुलैत. आमचं पारितोषिक वितरण होतं फेब्रुवारीत, स्नेहसंमेलनाला जोडून. मधल्या सात-आठ महिन्यांत पदवी घेतलेली मुलं पांगलेली असतात. कोणी चाकणला कंपनीत लागतो, कोणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, कोणी इचलकरंजीत एखाद्या यंत्रमागवाल्याकडे हिशेब लिहायला बसतो. काही मुलींची लग्नं झालेली असतात. दीडशे रुपये न्यायला कामावर खाडा करून कोण येणार?

तीनेक वर्षांपूर्वीची एक मुलगी मात्र आली होती. गगनबावड्याकडच्या एका वाडीवरची. बी.कॉम.ला कॉलेजात पहिली. अकाउंट्समध्ये पहिली, कॉस्टिंगमध्ये पहिली, मुलींत पहिली, अशी पाच बक्षिसं तिच्या नावावर होती. पाचही पाकिटांतले पैसे मिळून १२५५ रुपये झाले. शिवाय तीन ढाली. गांधीनगरला कापडाच्या एका होलसेल दुकानात ती बिलं करायला लागली होती आणि अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. फोटो झाल्या झाल्या मला शोधत आली. "मॅडम, मी जातो. दोनला दुकानात पोचायचंय." आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, येतो-जातो. मी विचारलं, एम.कॉम.चं काय झालं? ती म्हणाली, "जुलैत फी भरायची होती. तवा आमच्याकडं रोपलावण चालू असती. घरात पैसा कुठला त्या टायमाला?" मग तिने दोन ढाली पिशवीत घातल्या. तिसरी मावेना. ती तिने छातीशी धरली आणि एसटी स्टँडकडे निघून गेली.

त्या समारंभाचा जमाखर्च लिहायचं काम माझ्याकडेच होतं. मंडप, स्पीकर, बॅनर, पाहुण्यांची गाडी, शाल-श्रीफळ, जेवणं, फोटोग्राफर. एका फुलगुच्छाला जेवढे पैसे गेले तेवढे त्या मुलीच्या पाचांपैकी एकाही पाकिटात नव्हते. जुलैत तिला फीचा पहिला हप्ता भरायला जेवढे लागत होते, त्याहून जास्त पैसे आम्ही तिचं कौतुक करायला फेब्रुवारीत एका दिवसात खर्च केले. हे लिहिताना आजही मला लाज वाटते. कारण त्या खर्चाच्या व्हाउचरांवर माझी सही आहे.

म्हणून मी हा विषय जाहीरपणे मांडते आहे. पदवीच्या मुलांना आपण जी पारितोषिकं देतो, त्यांची रक्कम, वेळ आणि निकष तिन्ही चुकलेलं आहे. आणि ते कोल्हापुरात चुकावं याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण हे कसं करायचं ते या गावाला फार पूर्वीपासून माहीत आहे.

गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी, कुठल्याही तालमीत जाऊन बघा. खेड्यातून आलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी गदा देत नाही. आधी त्याचा खुराक बघतो. दूध किती, बदाम किती, तूप घरून येतंय का, येत नसलं तर कोण देणार. मैदानातलं इनाम एका दिवसाचं असतं, खुराक मात्र वर्षाचे सगळे दिवस लागतो. खुराक न देता नुसती इनामं वाटून मल्ल तयार होत नाहीत, हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. खासबागेचं मैदान बांधणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना मैदानही दिलं आणि पोसलंही. पुस्तकं वाचणाऱ्या पोरांच्या बाबतीत आपल्याला हे का सुचत नाही?

खाशाबा जाधवांची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना पाठ आहे, पण तिच्यातला पैशाचा भाग आपण भाषणांत घाईने उरकतो. गोळेश्वरचा हा मुलगा राजाराम कॉलेजात शिकत होता. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा पुन्हा पैशाचं अडलं. लोकांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्या खेळून ते कर्ज फेडलं.

यात क्रम कसा आहे ते बघा. घर गहाण पडलं तेव्हा हातात पदक नव्हतं. लंडनला सहावा आलेला एक मुलगा होता, एवढंच. खर्डेकर सर जर आमच्या पारितोषिक समितीवर असते आणि आमच्या नियमाने चालले असते, तर त्यांनी आधी पदकाची वाट पाहिली असती. मग फेब्रुवारीत २५१ रुपये आणि एक ढाल दिली असती. पदकच आलं नसतं, तर कोणाला दिली असती?

शिक्षणातही इथला रिवाज हाच आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल. खेड्यातला मुलगा हुशार आहे की नाही हे नंतर बघू, आधी तो शहरात राहील कुठे आणि खाईल काय, हा प्रश्न शाहू महाराजांनी सोडवला. त्या वसतिगृहांत दाखल झालेली सगळी मुलं काही पहिल्या नंबराची नव्हती. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकायला होते ते जैन बोर्डिंगात राहून, आणि त्यांच्या गुणपत्रिकेची कौतुकाने आठवण काढणारं मला कोणी भेटलेलं नाही. पण पुढे त्यांनीच रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. शिवाजी विद्यापीठात ती योजना आजही चालते. मुलाच्या हाताला काम, त्या कामाचा पैसा आणि त्या पैशावर शिक्षण. कुठल्याही ढालीपेक्षा मला ही योजना मोलाची वाटते.

आणखी एक उदाहरण द्यायलाच हवं. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक पास झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. शेकडा अडतीसही नाहीत. गुणानुक्रमाने यादी लावणाऱ्या कुठल्याही समितीच्या नजरेला हे नाव पडलं नसतं. पण लेखक आणि शिक्षक असलेल्या केळुसकर गुरुजींनी ते पोरगं पाहिलं होतं. त्यांनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये सुरू केले. १९१२ ला बी.ए., १९१३ ला कोलंबिया. पुढे १९२० मध्ये लंडनला अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब निघाले तेव्हा शाहू महाराजांनी हातभार लावला. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली होती, तिला दोघंही हजर होते. दरमहा २५ रुपये हे बक्षीस नव्हतं. तो खुराक होता, आणि तो वेळेवर मिळाला.

आता थोडं हिशेबाचं बोलते, कारण माझा विषय तो आहे. आपली बहुतेक पारितोषिकं ठेवीवर चालतात. कोणा वडिलांच्या, आईच्या किंवा गुरुजींच्या स्मरणार्थ घरचे लोक कॉलेजला किंवा विद्यापीठाला एक रक्कम देतात. ती बँकेत मुदत ठेवीत राहते आणि दर वर्षीच्या व्याजातून बक्षीस दिलं जातं. समजा १९७० साली कोणी ५००० रुपये ठेवले आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाला ३५० रुपये येतील. त्या वर्षी दहा ग्रॅम सोनं दोनशे रुपयांच्या आत मिळत होतं. म्हणजे त्या व्याजात दीड-पावणेदोन तोळे सोनं येत होतं आणि पारितोषिकाला 'सुवर्णपदक' म्हणायला खरोखर अर्थ होता. ठेव आजही ५०००च आहे, कारण व्याज दर वर्षी पूर्ण वाटलं गेलं आणि मुद्दलात कधी एक रुपया वाढला नाही. व्याज आजही ३५०. पण २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने एक लाख ओलांडले. आता ३५० रुपयांत पस्तीस मिलिग्रॅमही सोनं येत नाही. तांदळाचे एक-दोन दाणे तराजूत टाकले तर भरेल एवढं ते वजन. विश्वास बसत नसेल तर गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, जाऊन विचारा.

देणगीदाराने त्या काळी पोटाला चिमटा काढून जी रक्कम दिली, ती आम्ही शिक्षकांनी आमच्या डोळ्यांदेखत विरघळू दिली. वर्गात महागाई आणि चक्रवाढ व्याज शिकवायचं आणि ऑफिसात हे होऊ द्यायचं, याचा मला फार त्रास होतो. व्याजातला चौथा हिस्सा जरी दर वर्षी मुद्दलात टाकला असता, तरी चित्र थोडं बरं असतं. निदान यापुढे तरी ते करायला हवं. आणि ज्या कॉलेजात अशा तीस-चाळीस छोट्या ठेवी आहेत तिथे त्या एकत्र करून चार-पाच मोठी पारितोषिकं करावीत. सगळ्या देणगीदारांची नावं त्यावर राहू द्यावीत. एका पारितोषिकावर आठ नावं असली तर बिघडलं कुठे? काही ठेवींचे तर विषयच आता अभ्यासक्रमात उरलेले नाहीत. ते पैसे नुसते पडून आहेत.

इथे लगेच कोणी म्हणेल, देणगीदाराची इच्छा मोडता येत नाही. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण महाराष्ट्रात यापूर्वी हे झालेलं आहे. पेशवाईत पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. इंग्रजांनी ती कमी करत का होईना चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास पुण्यातल्या सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला की या निधीतला काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. शहरात गहजब झाला. अर्ज करणाऱ्या तरुणांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. आणि त्यातून दक्षिणा प्राइज कमिटी आली. ज्या पैशावर फक्त शास्त्र्यांचा हक्क होता, त्यातून मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. विद्येला मान द्यायचा हा मूळ हेतू राहिला, पण विद्या कशाला म्हणायचं ते बदललं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी जे दक्षिणेच्या बाबतीत करता आलं, ते आपल्याला पाच हजारांच्या मुदत ठेवीबाबत करता येणार नाही, हे मला पटत नाही. देणगीदारांचे मुलगे, सुना, नातवंडं याच शहरात आहेत. त्यांच्या घरी जाऊन विचारायला हवं. आपण गेलेलोच नाही.

सरकारी शिष्यवृत्त्या आहेत की, असंही म्हटलं जातं. आहेत, आणि त्यांनी लाखो मुलं शिकली. व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना तर २०२४ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. पण साधं बी.ए., बी.कॉम. करून पुढे जाणाऱ्या मुलीची खोली, मेस, पुस्तकं, प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर मोजायचे रोख पैसे, हे सगळं उरतंच. आणि ज्या शिक्षकाने तीन वर्षं तिला पाहिलं आहे त्याने पुढे होऊन पैसे हातात ठेवणं, ही गोष्टच वेगळी आहे. आपल्यावर कोणी विश्वास टाकलाय हे त्यात मुलाला कळतं. हे काम पोर्टल करू शकत नाही, ते कॉलेजनेच करायला हवं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप मात्र तिसरा आहे, आणि तो माझे सहकारी पोटतिडकीने मांडतात. पहिल्या नंबराला बक्षीस देण्यात एक मोठी सोय आहे, त्यात वशिला चालत नाही. गुणपत्रिका समोर ठेवली की प्रश्न मिटला. एकदा का 'गरज', 'कष्ट', 'परिस्थिती' असे निकष आले की कोणाची शिफारस, कोणाचा पुतण्या हे सुरू होतं. याचा अनुभव मी घेतलेला आहे. 'होतकरू व गरजू विद्यार्थी' असं एक पारितोषिक आमच्याकडे आहे. दर वर्षी त्याच्या बैठकीच्या आदल्या दिवशी फोन येतात. एका वर्षी आम्ही ज्याचं नाव काढलं होतं तो मुलगा यादीतून गेला आणि दुसराच आला. मी बैठकीत बोलले, पण मतदानात हरले. तो गेलेला मुलगा पहाटे दूध घालून कॉलेजला यायचा. त्यामुळे निकषात आकडा हवा, हे मला पूर्ण मान्य आहे.

पण आकडा म्हणजे फक्त शेवटचा आकडा असं कोणी ठरवलं? परीक्षा विभागाकडे मुलाचे सहाही सेमिस्टरचे गुण असतात. बारावीचेही असतात. पहिल्या आणि शेवटच्या सेमिस्टरमधलं अंतर मोजा. त्याला ना शिफारस लागते ना उत्पन्नाचा दाखला. चंदगड, आजरा, शाहूवाडीकडून आलेली मुलं पहिल्या वर्षाला माझ्या वर्गात बसतात तेव्हा काय होतं ते सांगते. बारावीपर्यंत ती 'नावे' आणि 'जमा' शिकलेली असतात. इथे पुस्तकात एकदम डेबिट-क्रेडिट येतं. हिशेब तोच असतो आणि त्यांना तो येतही असतो. पण प्रश्न वाचायलाच अर्धा तास जातो. एका मुलाचा पहिल्या सेमिस्टरचा पेपर मला आठवतो. ताळेबंद अगदी बरोबर जुळवलेला, पण कोणतं खातं कुठल्या बाजूला हे आधी मराठीत लिहून, खोडून, मग इंग्रजीत लिहिलेलं. वेळ संपला आणि शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. गुण पडले जेमतेम पासापुरते. तोच मुलगा सहाव्या सेमिस्टरला दहापैकी आठ ग्रेड पॉइंटच्या पुढे गेला. आमच्या वर्गात पहिली आलेली मुलगी मात्र पहिल्यापासून नऊच्या आसपास होती आणि शेवटीही तिथेच राहिली. दोघांचंही कौतुक व्हायला हवं. पण तीन वर्षांत कॉलेजने कोणाला किती शिकवलं, आणि कोण किती शिकलं, हे विचारलं तर उत्तर त्या मुलाच्या गुणपत्रिकेत आहे. त्याला एकही पाकीट मिळालं नाही. सरासरीत तो अकरावा होता.

मुद्दाम पहिल्या सेमिस्टरला कमी गुण पाडून कोणी हे बक्षीस लाटेल, अशीही शंका एका बैठकीत निघाली होती. तीन वर्षांनी मिळणाऱ्या काही हजारांसाठी पहिल्याच परीक्षेत नापास व्हायचा धोका पत्करणारं पोर मी तरी पाहिलेलं नाही.

याचा अर्थ पहिल्या नंबराचा मान काढून घ्या असा नाही. दीक्षान्त समारंभात शिवाजी विद्यापीठाच्या मांडवाबाहेर जे दिसतं ते मी दर वर्षी बघते. नव्या गांधी टोपीतले वडील, इस्त्रीची घडी न मोडलेल्या साडीतली आई, आणि मधे झगा घालून उभी असलेली पोरगी. ते पदक घरातल्या भिंतीवर पन्नास वर्षं राहतं. त्या घरातल्या पुढच्या पोरांना ते रोज दिसतं. हा मान खरा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. दहावी-बारावीच्या बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं. ते त्या वयाच्या मुलांसाठी बरंच झालं. पण पदवीपर्यंत पोचलेल्या, वयाने मोठ्या मुलांना नंबराची भीती घालायची म्हणून नव्हे, तर अभिमान म्हणून पदक असायला माझी हरकत नाही. गदा असावीच. फक्त गदा दिली म्हणजे आपलं काम झालं, असं समजू नये.

आणि मुलींच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. हल्ली पदकांच्या याद्या वाचल्या की मुलींची नावं जास्त असतात. पेपरांत 'सुवर्णकन्या' म्हणून फोटो येतात. त्याच मुलींतल्या किती जणी दोन वर्षांनी शिकत असतात, हे विचारायला कोणी जात नाही. मी गेले. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या पहिल्या आलेल्या मुलींशी अजून बोलणं आहे, त्यांतल्या निम्म्याहून अधिक पदवीवरच थांबल्या. लग्नाच्या बायोडाटात 'बी.कॉम., गोल्ड मेडलिस्ट' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलं आहे, मुलीचा मामा मला दाखवायला आला होता. त्या घरात जुलै महिन्यात पंधरा-वीस हजार रुपये त्या मुलीच्या स्वतःच्या खात्यावर असते, आणि ते फक्त पुढच्या प्रवेशासाठीच वापरायचे अशी अट असती, तर मामाशी बोलताना आईच्या हातात काहीतरी असतं. "तिच्या फीचे पैसे आलेत, शिकू दे की दोन वर्षं," हे वाक्य बोलायला आईला बळ लागतं. नुसत्या ढालीने ते येत नाही.

म्हणून मला वाटतं पारितोषिकाचे पैसे निकाल लागल्यापासून पंधरा दिवसांत मुलाच्या खात्यावर जावेत. फेब्रुवारीत समारंभ करा, टाळ्या वाजवा, प्रमाणपत्र द्या. पण पैसा जुलैतच गेला पाहिजे, कारण प्रवेश जुलैत असतो. आणि काही रक्कम तर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावी. दुसऱ्या वर्षापर्यंत ज्याचे गुण सर्वांत जास्त चढले, त्याला तिसऱ्या वर्षाचा खुराक. तो पुढे घसरला तर घसरला. वस्तादही कधी कधी फसतो, म्हणून तालीम बंद करत नाही.

समारंभाचा खर्च कमी करा म्हटलं की संस्थाचालक नाराज होतात, हे मला माहीत आहे. तरी म्हणते. एका वर्षी फुलगुच्छांऐवजी पाहुण्यांना एकेक पुस्तक द्या आणि वाचलेल्या पैशाची बेरीज नोटीस बोर्डावर लावा.

गेल्या जूनमध्ये मी यातलं एक काम सुरू केलं. जुन्या ठेवींची यादी काढली, पत्ते शोधले. पहिल्यांदा गेले ते शाहूपुरीतल्या एका जुन्या घरी. तिथल्या काकांच्या वडिलांनी १९७१ साली आईच्या नावाने पाच हजार ठेवले होते. काकांचं वय आता ऐंशीच्या पुढे. मी पावती दाखवली. व्याजाचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. सोन्याच्या भावाशी आले तेव्हा थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मी गगनबावड्याच्या मुलीचं सांगितलं, तिसरी ढाल पिशवीत मावत नव्हती तेही सांगितलं.

"आजीचं नाव राहील ना?" त्यांनी विचारलं.

"राहील, काका. आणखी सात नावं असतील सोबत."

"असूं देत की. तिला माणसं आवडायचीच." त्यांनी पत्रावर सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि सुनेला आतून चेकबुक आणायला सांगितलं. "मुलांना फी भरायची तारीख कितवी असते म्हणालात?"